माझ्या पायाचे धनको

माझ्या उजव्या मांडीत हाड नाही. खुब्यापासून गुडघ्याखालपर्यंत सगळा धातू आहे, टायटॅनियम आणि कोबाल्ट-क्रोम, तुकड्यातुकड्यांनी जोडलेला. डॉक्टर त्याला ‘टोटल फीमर’ म्हणतात. सांधा बदलणं आता तालुक्याच्या गावीही होतं. पण बदललेला सांधा ढिला झाल्यावर तो पुन्हा बदलायचा, तोही भोवतालचं हाड विरून गेलेलं असताना, हे काम फार अवघड. त्यातून मांडीचं अख्खं हाडच काढून टाकायची वेळ अगदी थोड्यांवर येते. माझ्यावर ती २०१८ साली आली. आज मी काठी घेऊन रंकाळ्यावर जाते, कठडा धरून जिना चढते, ओट्याशी उभी राहून भाकरी थापते.

या पायावर कुणाकुणाचं देणं आहे ते एकदा लिहून काढावं असं फार दिवस मनात होतं. धनकोंची यादी मोठी आहे. त्यातले काही मी जन्मायच्या आधीचे आहेत, काहींची नावं मला कधीच कळणार नाहीत. आणि बऱ्याच जणांची शस्त्रक्रिया फसली होती. त्यांचं देणं मला सगळ्यांत मोठं वाटतं, म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करते. त्यासाठी आधी माझ्या दुखण्याचं थोडं सांगायला हवं.

संधिवातानं मला तिशीच्या आत गाठलं. कोल्हापुरात मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवत होते. आधी फळ्याच्या वरच्या भागापर्यंत हात जाईना, मग उजवा खुबा धरला. रात्री कूस बदलताना घरातली सगळी जागी व्हायची. १९८९ साली मुंबईत खुब्याचा सांधा बदलला तेव्हा मी चौतिशीत होते. एवढ्या लवकर सांधा बदलू नये असं सांगणारे डॉक्टर बरेच भेटले होते, आणि त्यांचं म्हणणं खरंच होतं. सांधा झिजणार, आणि माझं आयुष्य तर पुढे पडलेलं. मुंबईचे डॉक्टर मात्र म्हणाले, “बाई, साठाव्या वर्षी चांगला सांधा मिळावा म्हणून तोवर अंथरुणात पडून राहायचं का? आत्ता चाला. पुढचं बघायला पुढचे डॉक्टर येतील.”

ते इंग्लंडमध्ये, लँकेशायरमधल्या राइटिंग्टन हॉस्पिटलात शिकून आले होते. जॉन चार्नली यांनी आजचा खुब्याचा सांधा जिथे घडवला, तेच हे हॉस्पिटल. मला नीट कळावं म्हणून डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या कागदामागे चित्र काढलं होतं: वर उखळ, खाली गोळा, गोळ्याची दांडी मांडीच्या हाडात. आणि चित्र काढताना त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी डॉक्टर सहसा रुग्णाला शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सांगत नाहीत.

१९५८ च्या सुमारास चार्नलींनी उखळीच्या जागी टेफ्लॉनची वाटी बसवायला सुरुवात केली. टेफ्लॉन गुळगुळीत, घर्षण अगदी कमी. वर्षानुवर्षं खिळलेली माणसं चालू लागली. सुमारे ३०० जणांना असे सांधे बसले. आणि मग दोन-तीन वर्षांत ते झिजायला लागले. गोळा वाटीत रुतत गेला, झिजलेल्या टेफ्लॉनच्या भुकटीनं भोवती पांढऱ्या गाठी धरल्या, हाड खाल्लं गेलं. चार्नलींनी त्या माणसांच्या शस्त्रक्रिया पुन्हा स्वतः केल्या. टेफ्लॉन स्वतःच्या मांडीत घालून घेऊन शरीर त्याला कसं झिडकारतं तेही पाहिलं.

“त्या लोकांनी कोर्टकचेऱ्या केल्या का?” मी विचारलं.

“त्यांनी पुन्हा त्यांच्याच हातात पाय दिला,” डॉक्टर म्हणाले.

हे वाक्य मी विसरले नाही. चार्नलींना पुढे ‘सर’ पदवी मिळाली, त्यांचं नाव सांध्याला लागलं, ते योग्यच झालं. पण लँकेशायरमधल्या त्या ३०० माणसांचा विचार माझ्या मनात जास्त येतो. कुणी गिरणीत काम करणारं असेल, कुणी घरात मुलंबाळं सांभाळणारी बाई असेल. दुखणं गेलं म्हणून सुखावलेली आणि मग परत लंगडायला लागलेली. त्यांच्या उघडलेल्या सांध्यांत जे दिसलं, त्यामुळे पुढच्यांना काय घालू नये ते कळलं. पुढे चार्नली रुग्णांना विचारून ठेवत, की तुमच्या मृत्यूनंतर हा सांधा तपासायला आम्हाला परत द्याल का? आणि माणसं हो म्हणत. मेल्यावर आपला खुबा उघडायला परवानगी देऊन ठेवणारी ती माणसं मला माझ्या आजोळच्या माणसांइतकी जवळची वाटतात.

टेफ्लॉननंतरचा मार्ग हॅरी क्रेव्हन या तंत्रज्ञाला सापडला. राइटिंग्टनच्या छोट्या वर्कशॉपमध्ये झीज मोजायचं यंत्र तो चालवायचा. १९६२ मध्ये एक विक्रेता नव्या पॉलिथिलीनचा नमुना घेऊन आला. लँकेशायरच्या मागांच्या दातेरी चाकांसाठी ते प्लास्टिक वापरत होते. चार्नलींनी त्यात अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं आणि ते बाजूला सारलं. क्रेव्हननं मात्र तो तुकडा यंत्रावर चढवून ठेवला. तीन आठवडे रात्रंदिवस यंत्र चाललं, आणि टेफ्लॉन जेवढं एका दिवसात झिजायचं तेवढंही ते झिजलं नव्हतं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पॉलिथिलीनची पहिली वाटी माणसाच्या खुब्यात बसली. १९८९ मध्ये माझ्या खुब्यात बसली तीही त्याच जातीची, आणि तिच्यात फिरणारा पोलादी गोळा चार्नलींनी ठरवलेल्या मापाचाच, २२.२२५ मिलिमीटरचा.

क्रेव्हनची गोष्ट मी घरी सांगितली तेव्हा हे खूश झाले. ह्यांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं. डॉक्टरांच्या जगात लेथवरच्या माणसाला जागा आहे हे ह्यांना फार आवडलं. कोल्हापूरची ऑइल इंजिनं आणि त्यांचे भाग ज्या गल्ल्यांत तयार झाले त्या गल्ल्यांतलं हे माणूस. मोठा शोध म्हणजे कुणीतरी तीन आठवडे यंत्र बंद पडू दिलं नाही, हे ह्यांना लगेच कळलं.

त्या सांध्यावर मी मुलगा वाढवला, शाळेच्या सहली नेल्या, पन्हाळा पाहिला. मध्ये २००३ साली त्याच पायाचा गुडघा बदलावा लागला; तो पुण्यात झाला आणि त्रासाविना झाला, म्हणून त्याबद्दल फार लिहीत नाही.

खुबा २००६ पासून कुरकुरायला लागला. त्या काळची पॉलिथिलीनची वाटी वर्षाला साधारण एक दशांश मिलिमीटर झिजते. ऐकायला काहीच नाही. पण झिजलेले कण इतके बारीक असतात, की शरीरातल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात आणि पचवू शकत नाहीत. मग त्या पेशी हाड विरघळवणाऱ्या पेशींना बोलावून घेतात. सांध्याचं दुखणं सुरू व्हायच्या कितीतरी आधी हाड गेलेलं असतं. माझ्या फिल्मवर उखळीच्या वरच्या बाजूला काळी पोकळी दिसत होती. पुण्याच्या डॉक्टरांनी पेन्सिलीनं तिच्या कडेनं रेघ ओढली आणि म्हणाले, “एवढ्या जागेत हाड भरायला लागणार. तुमच्या स्वतःच्या अंगात काढायला एवढं हाड नाही.”

ते हाड मुंबईहून आलं. टाटा मेमोरियल हॉस्पिटलची ऊतिपेढी १९८८ साली सुरू झाली. कुणाच्या खुब्याचं हाड मोडतं, सांधा बदलताना मांडीच्या हाडाचा वरचा गोल भाग काढून टाकावा लागतो. एरवी तो कचऱ्यात जाईल. देणाऱ्याची संमती घेऊन, रक्ताच्या तपासण्या करून, तो स्वच्छ करतात, शीतशुष्क करतात आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. निर्जंतुक करायची ही किरणांची सोय तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘आयसोमेड’मध्ये १९७४ पासून आहे. अणुशक्तीबद्दल शाळेत मुलींना निबंध लिहायला सांगायचे तेव्हा हिरोशिमा आणि वीजनिर्मिती यापलीकडे काही डोक्यात नसायचं. पुढे त्याच किरणांतून गेलेलं हाड माझ्या खुब्यात ठोकून बसवलं जाणार होतं.

कुणाचं होतं ते हाड? मला माहीत नाही, आणि पेढीचा नियमच तो आहे. बहुधा माझ्यासारखीच कुणीतरी बाई. बाथरूममध्ये घसरलेली, दवाखान्यात आणलेली, दुखण्यानं कासावीस झालेली. तशा अवस्थेत कुणीतरी समोर कागद धरला असेल आणि तिनं, किंवा तिच्या मुलानं, सही केली असेल. आपल्या हाडाचं पुढे काय झालं हे तिला कुणी सांगितलं नसणार. तिला शोधून सांगता आलं असतं तर मी कुठेही गेले असते.

२००७ ची ती शस्त्रक्रिया लांबली. दांडी हाडात पक्की धरणारं जुनं सिमेंट काढण्यासाठी मांडीचं हाड बाजूनं लांबच लांब कापून झडपेसारखं उघडावं लागलं आणि नंतर तारांनी बांधलं. उखळीत त्या अनोळखी हाडाचा चुरा ठोकून ठोकून भरला आणि त्यावर मोठा कप बसवला. बायकांच्या खुब्यात ६२ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा कप बसवला तर त्याला ‘जम्बो’ म्हणतात. मांडीत लांब दांडी गेली. अशा लांब, निमुळत्या, अंगावर उभ्या धारा असलेल्या टायटॅनियमच्या दांड्या जर्मनीतल्या हाइन्झ वाग्नर यांनी १९८७ साली आणल्या. वरचं हाड खराब असलं तरी दांडी त्याला ओलांडून खालच्या चांगल्या हाडात पकड घेते. मुंबईच्या डॉक्टरांनी ‘पुढचे डॉक्टर येतील’ म्हटलं होतं. मला पहिला सांधा बसायच्या आधीपासूनच जगात कुठे कुठे ते माझ्यासाठी ही हत्यारं तयार करत होते.

मग २०१८. परसात पाय सरकला, एवढंच. पडले तेव्हाच कळलं, कारण पाय माझा राहिलाच नव्हता, भलत्याच बाजूला वळला होता.

वरून खुब्याची लांब दांडी खाली आलेली, खालून गुडघ्याचा सांधा वर आलेला, आणि दोन्हींच्या मधल्या बोटभर हाडात मोड. पट्टी-स्क्रू बसवायला खाली जागा नाही आणि हाडात दम नाही. “अंड्याच्या टरफलासारखं झालंय,” डॉक्टर म्हणाले. एका ठिकाणी पाय खुब्यापासून काढून टाकण्याचा सल्ला मिळाला. ज्यांनी दिला त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी आपल्या कुवतीची हद्द ओळखून सरळ सांगितलं. पण त्या रात्री हे कॉटशेजारी बसून होते आणि एक शब्द बोलले नाहीत. आमच्या संसारात ती एकच रात्र तशी गेली.

पुन्हा पुणे. पहिलं काम सांध्यात जंतू आहेत का ते पाहण्याचं. सुईनं पाणी काढून तपासायला दिलं. असे काही जंतू फार हळू वाढतात, म्हणून नमुना चौदा दिवस ठेवतात. तोवर पाय वजन लावून ताणात. त्या दिवसांत वॉर्डातल्या मावशींनी माझी जी उठबस केली ती सख्ख्या मुलीनं करावी तशी. बेडपॅन सरकवताना मोडलेल्या पायाला धक्का लागू नये म्हणून त्या स्वतःचा हात खाली घालायच्या, आणि पाय त्यांच्या हातावर टेकायचा. रात्रपाळीला त्या नसल्या की मी सकाळपर्यंत अडवून धरायचे.

जंतू निघाले नाहीत. डॉक्टरांनी डाव्या पायाची खुब्यापासून घोट्यापर्यंत लांब फिल्म काढली, तिच्यावर माप घेतलं आणि सांगितलं: मांडीचं हाड पूर्ण काढायचं. वरचा गोळा, मधले नळ्यांसारखे तुकडे, खाली बिजागरीचा गुडघा. कर्करोगासाठी तयार झालेली ही पद्धत. हाडाच्या कर्करोगात पाय वाचवण्यासाठी असे मोठे सांधे बसवायला सुरुवात झाली आणि मग ते आमच्यासारख्यांच्या कामी आले. त्याचा उगमही एका गाठीत आहे. १९४० साली अमेरिकेत, साउथ कॅरोलायनाचे ऑस्टिन मूर आणि बाल्टिमोरचे हॅरोल्ड बोलमन यांनी एका माणसाच्या मांडीच्या हाडाचा गाठीनं पोखरलेला वरचा भाग काढून तिथे फूटभर लांबीचा व्हिटॅलियम धातूचा भाग बसवला. आज साध्या खुब्याच्या मोडीत वापरतात त्या ‘मूर’च्या सांध्याचा तो पूर्वज. म्हणजे मूरच्या सांध्यात लहान इम्प्लांट आधी आणि मोठं नंतर असं झालंच नाही. संकट मोठं होतं म्हणून आधी मोठंच तयार झालं. मुंबईत टाटामध्ये कोवळी पोरं अशा धातूच्या मांड्या घेऊन शाळेत परत जातात. त्या पोरांचंही माझ्यावर देणं आहे.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी इम्प्लांट कंपनीचा मुलगा ट्रे घेऊन आला. सोलापूरकडचा, पंचविशीतला. एवढे ट्रे, की दोन मामांनी ट्रॉली ढकलली. ह्यांनी त्याला कॉरिडॉरमध्ये गाठलं आणि तुकडे एकमेकांना जोडतात कसे ते विचारलं. तो म्हणाला, “टेपर असतो काका. मोर्स टेपर.”

ह्यांचा चेहरा मी व्हीलचेअरवरून पाहिला. मोर्स टेपर म्हणजे लेथच्या मागच्या डोक्यात ड्रिल बसवायची निमुळती खाच. ना आटे, ना पिन. दोन्ही बाजूंचा उतार एकसारखा असला की एका ठोक्यात घट्ट बसतं आणि जितका जोर येईल तितकं घट्ट होतं. ह्यांनी आयुष्यभर तेच केलं होतं. मग दोघं तिथेच बाकावर बसले आणि उताराचे कोन, पृष्ठभागाची सफाई, तेलाचा एक थेंब राहिला तर काय होतं, यावर बोलत राहिले. तो मुलगा घाईत होता, त्याला सगळे ट्रे निर्जंतुकीकरणाला द्यायचे होते, तरी तो उठला नाही. जाताना ह्यांच्या पाया पडला. “काका, उद्या मी आत असणार. प्रत्येक टेपर पुसून कोरडा केलेला मी डोळ्यानं बघीन.”

हे त्या रात्री झोपले. माझ्यासाठी तेवढंच पुरेसं होतं. त्या मुलानं काही विकलं नाही, काही मागितलं नाही. एका घाबरलेल्या माणसाला त्याच्याच भाषेत धीर दिला.

रक्ताचं काम धाकट्या दिरांनी उचललं. आमच्या पेठेतल्या तालमीची पोरं पहाटे गाडी करून पुण्याला आली, रक्त दिलं, मिसळ खाल्ली आणि परत गेली, कारण दुसऱ्या दिवशी कुणाची ड्युटी होती, कुणाची म्हशीची धार. त्यांतल्या दोघांना मी ओळखतही नव्हते. आत टाके घातलेल्या प्रत्येक थरातून त्यांचं रक्त फिरलं आहे.

आत काय झालं ते मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. खुब्यापासून गुडघ्याखालपर्यंत उघडल्यावर त्यांनी पहिल्यांदा २००७ चा कप तपासला. पकडीनं धरून हलवून पाहिला. तो तसूभर हलला नाही. त्या अनोळखी बाईचं हाड माझ्या हाडात मिसळून एक झालं होतं. कप काढावा लागला असता तर खाली काही उरलंच नसतं, असं डॉक्टर म्हणाले. त्या कपातच त्यांनी सिमेंटनं नवं अस्तर बसवलं: मोठ्या प्लास्टिकच्या गोळ्यात फिरणारा लहान गोळा. एवढा मोठा इम्प्लांट असला की खुबा निखळायची भीती असते, कारण त्याला धरून ठेवणारे स्नायू हाडासोबत सुटतात. म्हणून ही दुहेरी फिरणारी रचना. ती १९७० च्या दशकात फ्रान्समधल्या सेंत-एतिएन या गावी जिल बुस्के यांनी काढली. सुटलेले स्नायू पॉलिएस्टरच्या विणलेल्या नळीला शिवले. गुडघ्याला फिरती बिजागरी, कारण लिगामेंट उरलीच नव्हती. जुन्या काळच्या बिजागऱ्या फक्त पुढेमागे वाकायच्या. पायाला पीळ पडला की सगळा ताण सिमेंटवर जायचा आणि सांधा सुटायचा. तेही कुणाचे तरी सुटलेले सांधे बघूनच कळलं.

आणखी एक देणं आहे, ते फार कुणाच्या ध्यानात येणार नाही. इम्प्लांटच्या प्रत्येक खोक्यात चिकटपट्टीची लेबलं असतात. कंपनी, माप, लॉट नंबर. सिस्टर ती फाइलमध्ये लावतात. २००७ साली कुणा सिस्टरनी मध्यरात्र होत आली असताना ती सगळी लेबलं एका कोऱ्या कागदावर सरळ रेषेत लावली होती आणि प्रत्येकाखाली पेननं ‘कप’, ‘अस्तर’, ‘दांडी’ असं लिहिलं होतं. कप नक्की कुठला आणि त्याच्या आतलं माप किती, हे त्या कागदावरून कळलं म्हणून योग्य अस्तर मागवता आलं. त्या कोण होत्या ते आता सांगता येत नाही. त्यांचं अक्षर गोल, किंचित उजवीकडे झुकलेलं आहे. मी आयुष्यभर वह्या तपासल्या आहेत. ते मन लावून लिहिणाऱ्या माणसाचं अक्षर आहे.

पैशांचंही सांगते, कारण ते सांगायला लाजण्यासारखं नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींना मर्यादा घातली होती. साध्या कोबाल्ट-क्रोम गुडघ्याला ५४,७२० रुपये, रिव्हिजनच्या, म्हणजे पुन्हा बदलायच्या गुडघ्याला ६२,७७०, कर्करोगासाठीच्या खास इम्प्लांटला १,१३,९५०, वर जीएसटी. त्याआधी रिव्हिजनच्या गुडघ्याची छापील किंमत सरासरी पावणेतीन लाखांच्या घरात होती. ज्यांनी त्यासाठी पाठपुरावा केला त्यांच्यामुळे आमच्यासारख्या कितीतरी घरांतली जमीन वाचली. खुब्याच्या भागांना मात्र ती मर्यादा नव्हती. ह्यांनी दुसरा लेथ विकला. विकायच्या आदल्या दिवशी तो स्वच्छ पुसून, तेल घालून ठेवला, आणि मला हे कित्येक महिन्यांनी, वर्कशॉपमधल्या मुलाकडून कळलं.

पुढचं काम फिजिओचं. लातूरची मुलगी. धातूची मांडी घेऊन चालायला शिकणं म्हणजे मेंदूला नवा पाय ओळखायला लावणं. तिनं तळहात माझ्या कुल्ल्यावर ठेवला आणि म्हणाली, “मावशी, पायाचा विचार करू नका. माझ्या हाताला ढकला.” मी ढकललं. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ती रोज तोच हात त्याच जागी ठेवायची आणि रोज म्हणायची, “हं, आज थोडं आलं.” तेव्हा काही आलं नसावं. पण एके सकाळी शिवलेल्या स्नायूनं खरंच उसळी घेतली. ती बोलायची थांबली, तिनं हात तसाच ठेवला आणि म्हणाली, “परत.” मी परत केलं.

डॉक्टरांनी माझी फिल्म इतर रुग्णांना दाखवायची परवानगी मागितली होती, ती मी लेखी दिली. मरणानंतर हा सगळा धातू काढून तपासायला द्यावा हेही मुलाला सांगून, लिहून ठेवलं आहे. झिजला असेल तर किती झिजला, टेपर कसे टिकले, हे पुढच्यांना कळेल.

गेल्या पावसाळ्यात त्या फिल्ममुळेच इचलकरंजीहून एक बाई मुलासोबत घरी आल्या. माझ्यापेक्षा वयानं लहान, तोच खुबा, तोच संधिवात, दोनदा बदलून झालेला. डॉक्टरांनी त्यांनाही मोठा इम्प्लांट सुचवलाय. चहा होईपर्यंत त्या माझ्या पायाकडेच बघत होत्या. मग विचारलं, “आत गार लागतं का हो थंडीत?” मी सांगितलं, नाही लागत. “जड?” पहिले काही महिने, मग नाही. “मांडी घालून बसता येतं?” नाही, आणि पाटावरही नाही, कमोड लागतो, देवळातसुद्धा खुर्ची मागून घ्यायची. त्यांना माझं लंगडणं बघायचं होतं, म्हणून मी दारापर्यंत जाऊन आले, एकदा काठी घेऊन आणि एकदा भिंतीला हात लावून. मुलानं मोबाइलवर शूटिंग घेतलं. पुण्याला जाताना काय काय न्यायचं ते मी त्याला कागदावर लिहून दिलं: आधीच्या सगळ्या फिल्म्स, जुन्या शस्त्रक्रियांची लेबलं, आणि रक्त देणाऱ्या माणसांची नावं. लेबलं घरात सापडत नव्हती म्हणाला. मी त्याला सांगितलं, पहिल्या दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये स्वतः जाऊन बस, मिळेपर्यंत उठू नकोस.